लोकरीचे धागे आणि दादाची हातोडी

आमचा दादा डेंटर आहे. भायखळ्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो पत्रा ठोकतो आहे. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याने पत्रा ठोकला म्हणून मी बी.कॉम. झालो आणि कारकुनीला लागलो, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवीत नाही, पण सर्वांना ठाऊक आहे. कार्यालय सुटले की मी वस्तीतली अभ्यासिका पाहतो, कुणाचे अर्ज लिहून देतो, कुणाच्या मुलाच्या फीसाठी धावपळ करतो. मोटारींतले मला काही कळते असा माझा दावा नाही. तरीही आज शर्यतीच्या जुन्या, लहान मोटारींविषयी लिहायला बसलो आहे. असे का, ते सांगतो.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर दादाच्या गॅरेजमध्ये एक गाडी आली. फियाट अकराशेचे इंजिन घालून कोणे एके काळी कुणी हौसेने बनवलेली, दोन आसनांची, छप्पर नसलेली शर्यतीची गाडी. सगळे अंग अॅल्युमिनियमचे, हाताने ठोकलेले. मालकांना ती चेन्नईच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या फेऱ्यांसाठी न्यायची होती. तक्रार दोन प्रकारची. एक, ताशी शंभरच्या पुढे स्टिअरिंग हलके पडते, चाके जमिनीवर आहेत की नाहीत असे वाटते. दुसरी, एकशेवीसच्या पुढे गाडी दमते. यावर उपाय म्हणून मालकांच्या एका सल्लागाराने गाडीच्या शेपटीवर दोन पायांची एक आडवी फळी उभी केली होती. दादाला फक्त पोचे काढायला सांगितले होते.

दादा दोन दिवस त्या गाडीभोवती फिरला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "शेठ, हवा नाकाखालून घुसतेय. मागची फळी काढा. हातगाडीचा दांडा मागून दाबला की पुढचे तोंड वर उचलते. इथे तसेच होणार."

सल्लागार हसून म्हणाला, "तुम ठोको. सोचने के लिए हम हैं."

दादाने हे घरी जेवताना सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, सहज सांगितले. त्याला ऐकू कमी येते. तीस-पस्तीस वर्षे कानाजवळ हातोडी चालली, त्याची ही कमाई. त्यामुळे तो मोठ्याने बोलतो, आणि त्या रात्री ते वाक्य घरभर ऐकू गेले. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, ताटावर मान घालून बसला होता. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. दोन विषय राहिलेले, त्यातला एक फ्लुइड मेकॅनिक्स. कॉलेज सोडून सामान पोहोचवायच्या कामाला लागतो, असे त्याने आठच दिवसांपूर्वी जाहीर केले होते. वहिनी रडली होती. मी समजावून थकलो होतो.

दादाचे बोलणे ऐकून तो एवढेच म्हणाला, "काका, पप्पांचे बरोबर का त्या माणसाचे, ते आपण काढू या का?"

मी लगेच हो म्हणालो. निदान त्या निमित्ताने तरी तो पुस्तक उघडील, एवढाच माझा स्वार्थ होता.

पुढचा महिनाभर रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर आम्ही दोघे बसू लागलो. तो मोबाईलवर आणि ग्रंथालयातून मिळेल ते आणी, मी शब्दकोश घेऊन इंग्रजी लावी. त्यातले मला जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो.

मी हिशेबाचा माणूस, तेव्हा हिशेबानेच सांगतो. गाडी चालते तेव्हा इंजिनची ताकद ही जमा आणि हवा बाजूला सारणे हा खर्च. हा खर्च वेगाबरोबर सरळ वाढत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाविरुद्ध लागणारी ताकद आठपट होते. साठने जाताना हवेवर एक रुपया खर्च होत असेल, तर एकशेवीसने जाताना आठ रुपये. म्हणून वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर हवेपुरती ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढवावी लागते. किंवा मग ताकद तेवढीच ठेवून हवेचा विरोध पाव हिश्श्याने कमी करावा लागतो. मोठ्या इंजिनवाल्याने पहिला मार्ग धरावा. ज्याचे इंजिनच लहान, त्याने दुसरा.

हा दुसरा मार्ग ज्यांनी धरला त्यांच्यात इंग्लंडच्या फ्रँक कॉस्टिनचे नाव मोठे आहे. तो द हॅविलँड या विमान कंपनीत हवेच्या अभ्यासाचे काम करी. त्याचा भाऊ माइक हा कॉलिन चॅपमन यांच्या लोटस या नव्या, लहान कंपनीत होता. भावाच्या सांगण्यावरून फ्रँकने १९५४ साली लोटस मार्क आठ या शर्यतीच्या गाडीचे अंग आखून दिले, आणि १९५६ साली लोटस इलेव्हनचे. या इलेव्हनचे इंजिन कुठून आले पाहा. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने आग विझवायच्या, उचलून नेता येणाऱ्या पंपासाठी एक हलके इंजिन केले होते, त्यातूनच हे निघाले. आकार १०९८ सीसी. आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे इंजिन १०८९ सीसीचे. २०२३ साली त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण त्यांचा घरघराट आपल्या कानात अजून आहे. तेवढ्याच मापाचे इंजिन! अर्थात क्लायमॅक्सच्या इंजिनची ताकद बरीच जास्त होती आणि गाडी पुष्कळ हलकी होती. तरी ऐका. १९५६ साली इटलीत मोंझा येथे चालकाच्या डोक्यावर पारदर्शक घुमट बसवलेली इलेव्हन घेऊन स्टर्लिंग मॉसने ताशी १४३ मैलांची, म्हणजे सुमारे २३० किलोमीटरची फेरी मारली. १९५७ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत याहून लहान, ७५० सीसी गटातल्या इलेव्हनने 'इंडेक्स ऑफ परफॉर्मन्स' हे बक्षीस मिळवले. इंजिनच्या मापाच्या मानाने कोणी किती मजल मारली, ते पाहून हे बक्षीस देत.

पुढे कॉस्टिनने व्हॅनवॉल या मोठ्या रेसगाडीचेही अंग आखले, आणि १९५८ साली उत्पादकांचे पहिलेच जागतिक विजेतेपद त्या गाडीला मिळाले. मार्कोस ही प्लायवुडच्या सांगाड्याची गाडी त्याने जेम मार्श यांच्याबरोबर केली. त्याच घराण्यातली, मिनीचे इंजिन बसवलेली मिनी मार्कोस १९६६ सालच्या ल मान्सला पंधरावी आली. त्या वर्षी शर्यत पुरी करणारी ती एकमेव ब्रिटिश गाडी होती.

पण आम्हाला सर्वांत जास्त आवडली ती कॉस्टिनची पाहण्याची रीत. हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो गाडीच्या अंगावर लोकरीचे आखूड धागे चिकटवी आणि गाडी पळवून ते कसे वागतात ते पाही. जवळून पाहता यावे म्हणून त्याने धावत्या गाडीच्या बॉनेटवर स्वतःला बांधून घेतले होते, असे सांगतात. धागा सरळ मागे लोळला तर हवा अंगाला चिकटून चालली आहे. धागा भिरभिरला तर तिथे हवा अंग सोडते आहे. धागा उलटा, पुढे वळला तर तिथे भोवरा आहे आणि तिथे कितीही फळ्या लावा, उपयोग नाही.

पुतण्या हे वाचून उठलाच. "काका, लोकर तर मम्मीकडे आहे!"

दादाच्या गॅरेजचे शेठ जुने, माणसांची पारख असलेले. त्यांनी गाडीच्या मालकांना फोन केला. मालक म्हणाले, "बघू तरी काय दिसतंय." खोपोलीकडे त्यांच्या ओळखीच्या एका बंद कारखान्याच्या आवारात लांब सरळ रस्ता होता. परवानगी मिळाली. एका रविवारी पहाटे वारा पडलेला असताना आम्ही तिथे पोहोचलो. वहिनीने अर्धवट विणलेला लाल स्वेटर उसवून दिला होता. चार-चार बोटे लांबीचे धागे, वीत-वीत अंतरावर, चिकटपट्टीने लावले. नाकापासून शेपटीपर्यंत गाडी लाल केसांची झाली. मालक हसून हसून बेजार झाले. मग ते स्वतः चालवायला बसले, आम्ही शेजारून दुसऱ्या गाडीतून पाहात गेलो. पुतण्या मोबाईलवर चित्रण करीत होता, दादा खिडकीशी बसला होता.

ताशी सत्तरला सगळे दिसले. बॉनेटवरचे धागे सरळ लोळलेले. समोरच्या उभ्या काचेमागे, रिकाम्या आसनाच्या खळग्यात धाग्यांचा नुसता गोंधळ. शेपटीवरचे धागे तर पुढच्या दिशेला वळत होते, आणि त्याच भोवऱ्यात ती फळी उभी होती. तिला लावलेला धागा कधी वर, कधी खाली. ती फळी काहीच काम करीत नव्हती, वजन मात्र वाढवीत होती. आणि केली असती तरी दादाच्या हातगाडीसारखे नाक उचललेच असते, कारण ती मागच्या चाकांच्याही मागे होती.

नाकाच्या खालच्या ओठाला लावलेले धागे गाडीखाली खेचले जात होते. रेडिएटरच्या तोंडातून आत गेलेल्या हवेला बाहेर जायला नीट वाट नव्हती. ती इंजिनच्या खोलीत कोंडून बॉनेट खालून वर ढकलीत होती. टेम्पो पळताना त्यावरची ताडपत्री फुगून वर येते, ते आपण रोज पाहतो. तसेच हे.

दादा काही बोलला नाही. पुतण्याने चित्रण दोनदा पाहिले आणि म्हणाला, "पप्पा, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

दादा म्हणाला, "नाकाखालचा पत्रा धुळीने घासून गुळगुळीत झालाय. वरचा रंग शाबूत आहे. धूळ हवेबरोबरच जाते ना?"

त्यानंतर मालकांनी सल्लागाराला न विचारता दादालाच काम सांगितले. एक अट घातली, मूळ पत्र्याला नवे भोक पाडायचे नाही. गाडी जुनी आहे, तिचा इतिहास राखायचा. जे लावायचे ते जुन्याच स्क्रूंच्या जागी, उद्या काढता येईल असे. दादालाही हे पटले.

मी वही धरली. एका वेळी एकच बदल करायचा आणि दर बदलानंतर मोजायचे, हा नियम माझा. दोन नोंदी एकत्र केल्या तर चूक कुठे आहे ते सापडत नाही, हे मला कार्यालयाने शिकवले आहे. मोजण्याची रीत साधी. गाडी सत्तरच्या वर न्यायची, गिअर मोकळा सोडायचा आणि सत्तरवरून पन्नासवर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचे. विरोध जितका कमी, तितकी गाडी जास्त वेळ घरंगळते. रस्त्याचा चढउतार आणि वारा यांचा फरक निघून जावा म्हणून एकदा जाताना, एकदा येताना, अशा आठ फेऱ्या, आणि त्यांची सरासरी. टायरची हवा आणि टाकीतले पेट्रोल दर वेळी सारखे ठेवायचे.

पहिल्याने फळी काढली. मग रिकाम्या आसनाचा खळगा पत्र्याने झाकला. १९५० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना असे झाकण सर्रास असे. उंच काचेऐवजी चालकापुढे गोलाकार वळलेली बुटकी काच आली, आणि त्याच्या डोक्यामागे निमुळता उंचवटा. पुढून वाटोळा, मागे निमुळता. बांगडा आठवा, देवमाशाची गरज नाही. पण पूर्ण निमुळती शेपटी फार लांब होते. जर्मनीचे प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात यावर तोड सुचवली होती. हवा जिथवर अंगाला चिकटून येते तिथवर निमुळते करीत न्यावे, आणि मग सरळ कापून टाकावे. दादाने तो उंचवटा तसाच कापला.

नंतर खरे काम, नाकाचे. ओठाखाली पत्र्याची एक बुटकी पट्टी लावली, म्हणजे हवा गाडीखाली कमी जाते. रेडिएटरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत चारही बाजूंनी पत्र्याची बंद वाट केली आणि मागे बाहेर पडायला रस्ता दिला. इंजिनखाली सपाट पत्रा बसवला. इथे दादाने पुतण्याला बजावले, "सगळं बंद करायच्या नादात गाडीचा जीव घेऊ नको. ब्रेकला आणि इंजिनला हवा लागते." म्हणून दर फेरीनंतर तापमानाच्या काट्याची नोंदही वहीत झाली.

नाक बसले, तसे मालक म्हणू लागले की आता मागचा भाग हलका वाटतो. हेही पुस्तकात होते. पुढचे आणि मागचे पारडे सारखे ठेवावे लागते. १९६१ साली फेरारीच्या चाचण्यांत रिची गिंथर या चालकाच्या काळात शेपटीच्या कडेला एक बुटकी उभी पट्टी लावून पाहिली होती, आणि गाडी मागून स्थिर झाली होती. दादाने दोन बोटे उंचीची तशीच पट्टी केली. उंच फळ्यांचा मोह जगाला पुढे फार झाला. १९६९ साली स्पेनमधल्या शर्यतीत लोटसच्या दोन गाड्यांचे उंच पंख मोडून अपघात झाले, आणि लगेच तसल्या पंखांवर बंदी आली.

या सर्व दिवसांत मी माझ्या भावाचे काम प्रथमच जवळून पाहिले. अॅल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होतो, तडकतो. त्याला मऊ करायला तापवावे लागते, पण तो लाल होत नाही, सरळ वितळतो. मग कळायचे कसे? दादा पत्र्याला अंगाचा साबण घासतो आणि ज्योत फिरवतो. साबण काळपट पडला की थांबायचे. मग वाळूच्या थैलीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू पोट काढायचे. डोळे मिटून तळहात फिरवतो आणि नखाएवढा उंचवटा शोधतो. पुतण्या समीकरण मांडी, "पप्पा, इथे गोलाई वाढवा." दादा हात फिरवून म्हणे, "वाढवली तर इथे हवा सुटेल." धागे लावून पाहिले की कधी हा बरोबर निघे, कधी तो. बापलेक इतके बोलताना मी कधी पाहिले नव्हते. दादाला ऐकू यावे म्हणून पोरगा आपोआप कानाजवळ जाऊन बोलू लागला.

शेवटी वहीत काय आले? सुरुवातीला सत्तरवरून पन्नासवर यायला सरासरी एकोणीस सेकंद लागत, आता साडेवीस. दीड सेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. मला स्वतःला तसेच वाटले होते. पण टायरचे घर्षण वजा केल्यावर हवेच्या एकट्या खर्चात बरीच कपात झाली, हे पुतण्याने आकडे मांडून दाखवले. मालक ट्रॅकवरून आल्यावर म्हणाले, "वेग थोडाच वाढला. पण आता शंभरच्या पुढे मला भीती वाटत नाही." माझ्या मते खरी कमाई ती. वेग हौसेचा असतो, जीव घरच्यांचा असतो.

राहिली गोष्ट बिलाची. गॅरेजच्या बिलात लिहिले होते, 'डेंटिंग व किरकोळ काम'. कारकुनाची नजर तिथेच जाते. मी शेठना म्हणालो, "पैसे वाढवू नका, पण काम जे झाले ते लिहा." त्यांनी बिल फाडले आणि नवे केले. 'नाकाखालील पट्टी, रेडिएटरची वाट, तळाचा पत्रा, शेपटीची पट्टी : आराखडा व काम.' खाली दादाचे पूर्ण नाव. त्याची एक प्रत दादाने आपल्या कपाटात, माझ्या पदवीच्या कागदाशेजारी ठेवली आहे. तो सल्लागार पुन्हा गॅरेजला आला नाही. आम्हालाही त्याच्याकडून काही ऐकायचे नव्हते.

पुतण्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये सुटला. दुसरा विषय अजून राहिला आहे, खोटे कशाला सांगू? पण कॉलेज सोडण्याची भाषा बंद झाली. प्रकल्पाच्या वहीवर त्याने मार्गदर्शक म्हणून शिक्षकांबरोबर वडिलांचेही नाव घातले. शिक्षकांनी ते खोडले नाही.

दादाचे कान मात्र परत येणार नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पुतण्याने त्याला कानात घालायचे बोंडूक आणून दिले आहेत, आणि आता गॅरेजमधली लहान पोरेही ते वापरतात. आपल्या घरांत पत्रा ठोकणारे, ग्राइंडर चालवणारे, प्रेसवर काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरच्यांनी एवढे तरी आजच करावे. ते फार महाग नसतात.

वहिनीचा लाल स्वेटर अजून अर्धाच आहे. उरलेले धागे पुतण्याने एका डब्यात जपून ठेवले आहेत. पुढची गाडी आली की लागतील, म्हणतो.